अंकी व अक्षरी

सांगली
आषाढातली एक रात्र, बाहेर पाऊस

प्रिय शमा,

तुझा मेसेज आला तेव्हा मी मिरजेच्या एका गॅरेजात गाडीखाली अर्धी वाकलेली होते. ‘क्लेमच्या कामाला लागणाऱ्या सगळ्या ऑनलाइन कॅलक्युलेटरांची नि कन्व्हर्टरांची यादी पाठव, सोमवारी नव्या नोकरीवर रुजू होतेय.’ वाचून एवढ्यांदा हसले की गॅरेजवाल्याला वाटलं, त्याचं एस्टिमेट बघूनच हसतेय. (तेही हसण्यासारखंच होतं. सांगते पुढे.)

अगं, मेकॅनिकलच्या त्या वर्गात आपण दोघीच मुली. वर्कशॉपमध्ये कानस घासून हाताला फोड आले की तू म्हणायचीस, मी आपली एसीत बसून नोकरी करणार. मी म्हणायचे, मी पण. आणि आता बघ. मी वीस वर्षं फुटलेले बंपर नि भिजलेली पोती मोजतेय आणि तू विनिपेगला जाऊन, दोन मुलं मोठी करून, शेवटी माझ्याच धंद्यात शिरतेयस. तुझ्याकडे फक्त घरांचे क्लेम येणार म्हणालीस. मला वाटलं होतं गाड्याही असतील, तर मग कळलं की तुमच्या मॅनिटोबात गाडीचा मूळ विमा १९७१ पासून सरकारी महामंडळच उतरवतं. चांगलंय. निम्मी डोकेदुखी गेली.

यादी काय, दहा ओळींत होईल. पण नुसती यादी पाठवली तर तू पहिल्याच महिन्यात तोंडावर पडशील, म्हणून पत्र.

मी सर्व्हेअरचं लायसन्स घेतलं तेव्हा टेबलाच्या काचेखाली तीन गोष्टी असायच्या: गणपतीचा फोटो, टेलिफोन नंबरांचा कागद आणि घसाऱ्याचा तक्ता. गणपतीपेक्षा तक्त्याचं दर्शन जास्त व्हायचं. गाडीच्या धातूच्या भागावर पहिले सहा महिने घसारा शून्य, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तिसऱ्या वर्षात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५, पुढे दहा वर्षांपर्यंत ४० आणि त्यानंतर ५०. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, ट्यूब, बॅटरी यांचे गाडी कालची असली तरी निम्मे पैसे कापायचे. फायबरग्लासवर ३० टक्के. काचेवर काही नाही. टॅरिफच्या काळातला हा तक्ता अजून बहुतेक पॉलिसींत तसाच आहे आणि पाढ्यासारखा माझ्या तोंडात आहे. आता तो मोबाइलवर आहे, म्हणजे माझ्याच नाही, सगळ्यांच्याच. गिऱ्हाईक हल्ली क्लेम फॉर्मच्या आधी स्क्रीनशॉट पुढे करतं.

त्या दिवशीचा मिरजेचा मुलगा तसाच. गाडी तीन वर्षं दोन महिन्यांची. बंपर ८,००० चा, दरवाजा १२,००० चा, पुढची काच ६,०००, आणि रंगकाम १०,०००. एकूण ३६,०००. त्याच्या मोबाइलनं त्याला २९,२०० रुपये मिळतील असं सांगितलेलं. माझं असेसमेंट आलं २६,७५०. लागला भांडायला. ‘मॅडम, कॅलक्युलेटर चुकतो का कधी?’

नाही चुकत. म्हणून तर त्याच्या शेजारी बसून पुन्हा सगळं भरलं. गाडीचं वय विचारलं तिथं त्यानं ‘३ वर्षं’ निवडलं होतं. मोबाइलनं तिसऱ्या वर्षाचा १५ टक्के घसारा लावला, दरवाजाचे १,८०० कापले. पण तीन वर्षं पूर्ण होऊन वर दोन महिने झाले की गाडी चौथ्या वर्षात जाते. घसारा २५ टक्के, म्हणजे ३,०००. दुसरं, रंग. रंगकामाच्या एकत्र बिलात एक चतुर्थांश रक्कम मालाची धरायची आणि त्या मालावर ५० टक्के घसारा. दहा हजारांचे अडीच हजार, त्यांचे निम्मे साडेबाराशे. हे त्याच्या कॅलक्युलेटरात विचारलंच नव्हतं. बंपरचे निम्मे आमचे दोघांचे जुळले, आणि पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीचे सक्तीचे हजार रुपयेही. बाराशे आणि साडेबाराशे, २,४५० चा फरक तिथंच सापडला. मुलगा हुशार होता, लगेच म्हणाला, ‘झिरो डेप घेतलं असतं तर?’ तर घसाऱ्याची ही कापाकापी झालीच नसती, टायर-ट्यूब-बॅटरीसारखे अपवाद सोडून. पुढच्या वर्षी तो नक्की घेणार.

पण गंमत वेगळीच. उजवीकडून ठोकर खाल्लेल्या त्या गाडीच्या एस्टिमेटात गॅरेजवाल्यानं डावा हेडलाइटही लिहिला होता! नवा. त्याच्यावर घसारा किती, हे जगातला कुठलाही कॅलक्युलेटर अचूक सांगेल. तो मुळात फुटलाय का, हे विचारणार नाही. ते विचारायला मी वाकले होते, तेवढ्यात तुझा मेसेज आला.

आणखी एक. गाडीला आमच्याकडे दोन वयं असतात. आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार चेंदामेंदा झाली तर मिळणारी रक्कम, पॉलिसी सुरू झाली त्या दिवसाच्या वयावर ठरते. सुट्या भागांचा घसारा अपघाताच्या दिवसाच्या वयावर. पॉलिसी अकरा महिन्यांची जुनी असली की दोन्हींत जवळजवळ वर्षाचं अंतर पडतं. तारखांमधला फरक काढून देणारं साधं साधन मी दिवसातून दहा वेळा वापरते. पण कुठल्या दोन तारखा, ते त्याला मीच सांगायचं.

आता घरं आणि गोदामं. हे तुझ्या उपयोगाचं, म्हणून जरा सविस्तर.

२०२१ चा जुलै. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१९ ला, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं तू टीव्हीवर पाहिलंस आणि रडत फोन केलास. धोक्याची पातळी ४५. लोकांना वाटलं, असा पूर आता पन्नास वर्षं नाही. तो दोन वर्षांत परत आला. त्या पुरात एका हळदीच्या व्यापाऱ्याचं गोदाम माझ्याकडे आलं. दारात चिखल, आत तो कुजका, गरम वास. मी गमबूट घालून उभी आणि व्यापारी विचारतोय, ‘मॅडम, सर्व्हेअरसाहेब कधी येणार?’ वीस वर्षांत या प्रश्नाची इतकी सवय झालीय की मी म्हटलं, ‘आलेत, टेप धरा.’

थप्प्या मोजल्या, स्टॉक रजिस्टर पाहिलं, मार्केट यार्डातल्या पावत्या ताडून पाहिल्या. पुराच्या दिवशी गोदामात ४०० क्विंटल हळद होती, भाव ८,००० धरला, माल ३२ लाखांचा. खालचे थर भिजले. भिजलेला माल काट्यावर चढवला तर १२० क्विंटल भरला. व्यापाऱ्यानं लगेच मोबाइल काढून गुणाकार केला, ९ लाख ६० हजार. गुणाकार बरोबर होता. पण त्या १२० क्विंटलांत हळदीबरोबर कृष्णाही होती की गं!

इथं ओलाव्याचा हिशेब लागतो. सगळ्या धान्याला, हळदीला, बेदाण्याला तोच. ओल्या वजनाला शंभरातून ओलावा वजा करून गुणायचं आणि शंभरातून नेहमीचा, विक्रीच्या वेळचा ओलावा वजा करून भागायचं. भिजलेल्या हळदीत २५ टक्के पाणी निघालं, बाजारातल्या कोरड्या हळदीत १० धरतात. म्हणजे १२० गुणिले ७५ भागिले ९०. बरोबर १०० क्विंटल. ऑनलाइन हे दोन सेकंदांत होतं. पण ते २५ कुठून आलं? व्यापारी सगळ्यात वरचं, जेमतेम दमट झालेलं पोतं पुढे करत होता, कारण ओलावा कमी दिसला तर हळद जास्त दिसते. मी अगदी तळातलं, पाणी गळणारं पोतं उचललं असतं तर त्याच्यावर अन्याय. म्हणून वरच्या, मधल्या, खालच्या थरांतून नमुने काढले, प्रयोगशाळेत पाठवले आणि कुठल्या थरात किती पोती होती त्या प्रमाणात सरासरी काढली. दोन दिवस गेले. सगळं काम त्या दोन दिवसांत. भागाकार गाडीत बसून केला.

मग १०० क्विंटलचे ८ लाख. भिजलेला माल कुणीतरी १ लाख ६० हजाराला उचलला, ते सॅल्व्हेज वजा. नुकसान ६ लाख ४० हजार. व्यापारी खूश. आणि मग मी पॉलिसी उघडली. विम्याची रक्कम २० लाख.

शमे, तुझ्या नोकरीत सगळ्यात जास्त शिव्या याच्यावरून पडतील, म्हणून नीट ऐक. माल ३२ चा आणि विमा २० चा असला की नुकसानही त्याच प्रमाणात मिळतं. ६ लाख ४० हजार गुणिले २० भागिले ३२, म्हणजे ४ लाख. एक्सेस वगैरे सोडून देते. तो ओरडलाच, ‘पोती भिजली ती भिजली, वरच्या कोरड्या पोत्यांचा इथं काय संबंध?’ त्याला म्हटलं, काका, बत्तीस लाखांतल्या बारा लाखांपुरते तुम्ही स्वतःच विमा कंपनी होता. हप्ता वाचवला, तो तुम्ही स्वतःलाच भरला. आता नुकसानातला तीन अष्टमांश वाटा तुमचा. हे ऐकून तो हसला नाही, पण गप्प झाला.

त्याचं दुर्दैव असं की सवलत असूनही हुकली. १ एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठी ज्या नव्या पॉलिसी आल्या, ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’, त्यांत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. त्याची पॉलिसी मे महिन्यात नव्यानं झालेली, म्हणजे हा नियम त्याला लागू. ३२ लाखांच्या ८५ टक्के म्हणजे २७ लाख २० हजार. तेवढा विमा असता तर एक पैसा कापला गेला नसता. तूट निघाली साडेसदतीस टक्के. आणि सूट १५ टक्क्यांपर्यंतच्या तुटीला आहे. त्याच्या वर गेलात की पूर्ण तूट मोजतात, पंधरा वगळून उरलेली नव्हे. इथं पुष्कळ जण फसतात, सर्व्हेअरसुद्धा. घरासाठीच्या ‘भारत गृह रक्षा’त ही भानगडच नाही, तिथं तुटीवरून कापत नाहीत. आई-दादांना सांग, घराचा विमा त्यातलाच घ्या म्हणावं.

(हरिपूरची पेवं आठवतात? जमिनीखाली खणलेली, वरून माती सारवलेली. सहलीला गेलो होतो आणि तू आत डोकावताना चप्पल पाडलीस. २००५ च्या पुरात त्यांतली पुष्कळ गेली. पेवातल्या हळदीचं नुकसान कसं मोजायचं हे माझ्या गुरूंनी मला तोंडी सांगितलं होतं. मला एकदाही वापरायला मिळालं नाही.)

आता कन्व्हर्टर. इथं मात्र तुला माझ्यापेक्षा सोपं जाईल असं वाटत होतं. पण तुमच्याकडेही फूट-मीटर, पौंड-किलो सगळं एकाच वेळी चालतं म्हणतेस, मग तू माझीच बहीण.

माझ्याकडची तऱ्हा ऐक. घरफोडीचा क्लेम. फिर्यादीत ‘१२ तोळे सोनं’. कन्व्हर्टरमध्ये तोळा घातला की तो इमानदारीत ११.६६ ग्रॅम धरतो आणि १४० ग्रॅम सांगतो. पण आज सराफाच्या दुकानात तोळा म्हणजे १० ग्रॅम. बारा तोळे म्हणजे १२०. वीस ग्रॅमचा फरक, म्हणजे आजच्या भाषेत दोन तोळे. मग दागिना कधीचा? आजीच्या लग्नातला, जुन्या तोळ्याचा, की परवाच्या पाडव्याचा? पावती बघायची. पावती नसेल तर लग्नाचे फोटो बघायचे. एका घरी मी चार अल्बम पाहिले आणि जेवूनच आले.

दुसरं, ब्रास. कंपाउंडची भिंत पडली, गवंड्यानं लिहून दिलं, दगड ५ ब्रास. आमच्या ऑफिसातल्या नव्या पोरानं ते कन्व्हर्टरमध्ये घातलं तर त्याला पितळेची घनता मिळाली! वाळू-दगडाचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. तोच गवंडी फरशीचा हिशेब सांगताना ब्रास म्हणेल तेव्हा १०० चौरस फूट. एकाच कागदावर, एकाच शब्दाला, एकदा लांबी-रुंदी-उंची आणि एकदा नुसती लांबी-रुंदी. त्याला विचारलं तर म्हणतो, ‘त्यात काय, कळतंय की!’ आणि खरंच, त्याला कळतं.

जमिनीचं तसंच. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर. आर शंभर चौरस मीटरचा, गुंठा एकशे एक पूर्णांक काहीतरी, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात आणि छोट्या तुकड्याला ते चालून जातं. पण माझ्या दिरानं पीकविम्याच्या पोर्टलवर हप्त्याचा हिशेब करताना अडीच एकराचं अडीच लिहिलं. चौकट हेक्टरची. अडीच एकर म्हणजे जेमतेम एक हेक्टर एक आर. हप्ता बघून चक्रावला आणि सरकारला शिव्या दिल्या. चूक कळल्यावर शिव्या मागे घेतल्या नाहीत, ती वेगळी गोष्ट.

हे सगळं वाचून तू म्हणशील, आमच्याकडे शिस्त आहे. थांब. तुझ्या विनिपेगपासून उत्तरेला तासाभरावर गिमली म्हणून गाव आहे ना, तळ्याकाठी? २३ जुलै १९८३ ला तिथं काय झालं ते तुझ्या ऑफिसातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचार. एअर कॅनडाचं नवं कोरं बोइंग ७६७, माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेलं, ४१ हजार फुटांवर इंधन संपून बंद पडलं. दोन्ही इंजिनं. विमानातला इंधनाचा काटा बिघडलेला, म्हणून टाकीत किती आहे ते हातानं मोजलं होतं. आधीचं निघालं ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. आता लिटरचे किलो करायचे. ७६७ ही त्यांची पहिली मेट्रिक विमानं, बाकी सगळी पौंडांची. कागदावर लिटरला १.७७ हा आकडा होता, तो वापरला. पण ते पौंड. किलो हवे असतील तर सुमारे ०.८ धरायला हवं होतं.

मी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहिला. १.७७ नं गुणलं की टाकीत आधीच साडेतेरा हजार ‘किलो’ आहेत असं दिसतं, आणि उरलेल्यासाठी ४,९१६ लिटर भरले की झालं. खरे किलो धरले तर टाकीत सहा हजारांच्या आसपास, आणि भरायला हवे होते वीस हजार लिटर. गुणाकार, वजाबाकी, भागाकार, सगळं बिनचूक. उत्तर दशांशासकट बरोबर. विमान मात्र वाऱ्यावर तरंगत हवाईदलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरलं, जिथं त्या वेळी गाड्यांच्या शर्यती चालल्या होत्या. ६९ माणसं होती आत, एकही गेलं नाही. आणि वैमानिकाच्या शेजारी बसलेल्या सहवैमानिकाचं आडनाव काय असावं? क्विंटल! खरंच. उच्चार फ्रेंच असेल, पण लिहितात तसंच. वजनाच्या घोळात सापडलेल्या विमानात क्विंटल. मी हे ऑफिसात सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना.

तर हे असं. आता ज्याच्यासाठी आज इतक्या उशिरा लिहायला बसले ते सांगते. हे माझ्या कामातलं नाही. माझं काम गाडीचं, मालाचं नुकसान मोजायचं. माणसाचं न्यायाधिकरण मोजतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीची गाडी लावायचा तो तुला माहीत नसेल, तू गेल्यानंतर आला. गेल्या वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, पहाटे यार्डातून माल घेऊन येताना ट्रकनं उडवलं. बायको, दोन मुलं, म्हातारी आई. ती बाई एके दिवशी भावाला घेऊन माझ्याकडे आली, कारण मी ‘विम्याच्या ताई’. भावाच्या मोबाइलवर भरपाईचा कॅलक्युलेटर. त्यावर आकडा, २३,६२,५००. भाऊ म्हणाला, ‘एवढेच होतात का बघा.’

याचंही गणित ठरलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं सरला वर्मा खटल्यात २००९ साली वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले. पंचविशीपर्यंत १८, तिथून उतरत ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, आणि पासष्टीच्या पुढे ५. मग २०१७ मध्ये प्रणय सेठी खटल्यात ठरलं की माणूस जगला असता तर त्याची कमाई वाढली असती, तीही धरायची. स्वतःचा धंदा करणारा चाळिशीच्या आत असेल तर ४० टक्के, चाळीस ते पन्नास असेल तर २५. त्यातून तो स्वतःवर जे खर्च करत होता ते वजा करायचं. मागे चार माणसं असली तर चौथा हिस्सा. अंत्यविधी वगैरेची ठरीव रक्कम वेगळी. वाचायला कसंसं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण हा तक्ता नसताना एका जिल्ह्यात एक रक्कम नि दुसऱ्या जिल्ह्यात दुसरी मिळायची, त्यापेक्षा हे बरं.

भावानं महिना १५,००० धरले होते आणि वय ४१. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९८४.

१ जानेवारी म्हटलं की माझे कान टवकारतात. ज्याला तारीख सांगता येत नाही त्याची सर्रास १ जानेवारी लिहिलेली असते. मी म्हातारीला विचारलं. तिला साल ठाऊक नव्हतं. पण ती म्हणाली, ‘इंदिरा गांधी गेल्या तेव्हा माझं लग्न होऊन वर्स झालं हुतं. ह्यो त्येच्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यातला.’ आधारच्या हिशेबानं इंदिराबाई गेल्या तेव्हा हा दहा महिन्यांचा असायला हवा. म्हातारीच्या हिशेबानं तो १९८६ चा.

मी कॅलक्युलेटरात वय ३८ घातलं. पंधरा हजारांवर २५ टक्क्यांऐवजी ४० टक्के वाढ, गुणक १४ ऐवजी १५. आकडा झाला २८,३५,०००. दोन-तीन वर्षांच्या फरकावर ४ लाख ७२ हजार ५००. बाई नुसती बघत राहिली.

पण कोर्ट म्हातारीच्या पावसाळ्यावर कसं विश्वास ठेवणार? त्यांच्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, ऑक्टोबर २०२४ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं अशाच भरपाईच्या खटल्यात सांगितलंय की आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. शाळा सोडल्याचा दाखला त्याच्यापेक्षा वरचा. दाखला आणा. तो घरात नव्हता. भाजीवाल्याकडे घरात काय असणार? होती ती एक रेघांची वही, तीत रोज पहाटे यार्डात किती दिले ते लिहिलेलं, आणि दोऱ्यात ओवलेल्या पावत्या. ती वही वकिलांनी ताबडतोब काढून घेतली. पंधरा हजार कमावत होता याचा तेवढाच पुरावा. कॅलक्युलेटरात ‘मासिक उत्पन्न’ अशी एक चौकट असते फक्त, अर्ध्या बोटाएवढी.

परवा रविवार होता, पण त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक गावातच राहतात, ते म्हणाले, या. जत तालुक्यातलं गाव, एसटीनं गेलो, त्याची बायको आणि मी. जिल्हा परिषदेची शाळा, वर्गखोल्यांना नवा रंग, कपाट मात्र जुनंच. त्यांनी जनरल रजिस्टर काढलं, कापडी पुठ्ठ्याचं, वाळवी लागलेलं. पानं उलटताना माझ्या छातीत धडधडत होतं. त्या काळचे गुरुजी तारीख माहीत नसली की सरसकट १ जून ठोकून द्यायचे. तसं निघालं तर समोरचा वकील तेही उडवून लावणार. मुख्याध्यापकांचं बोट ओळीवरून सरकत थांबलं. जन्मतारीख, अंकी: १२-६-१९८६. आणि पुढच्या रकान्यात, अक्षरी, निळ्या शाईत, वळणदार: बारा जून एकोणीसशे शहाऐंशी.

दाखल्याची प्रत घेतली, सहीशिक्का घेतला. येताना एसटीत खिडकीशी बसून मी तिला सगळं समजावत होते. अपघाताच्या दिवशी अडतीस वर्षं आठ महिने, म्हणजे पंधराचा गुणक, म्हणजे अठ्ठावीस लाख पस्तीस हजार. कोर्ट उत्पन्न कमी धरेल, तेव्हा एवढे मिळतीलच असं नाही. पुढची तारीख ऑगस्टमध्ये. ती ऐकत होती असं मला वाटत होतं. दाखला पदराखाली धरून बाहेर बघत होती. कवठेमहांकाळ मागे पडल्यावर म्हणाली, ‘ताई, म्हणजे ते चाळीसचे झालेच नव्हते.’

इथं पाऊस वाढलाय, लाइट दोनदा जाऊन आले. उद्या सकाळी इस्लामपूरला एका पॉवरलूमचा सर्व्हे आहे. झोपते.

तुझी,
सरू

ता. क. यादी राहिलीच बघ! उद्या बसमध्ये बसून पाठवते. तोवर सोमवारी ऑफिसात एक विचारून घे: तुमच्याकडच्या जुन्या कागदांवर गॅलन लिहिलेला असला तर तो ब्रिटिश, ४.५४६ लिटरचा, की अमेरिकन, ३.७८५ चा? सरहद्द जवळ आहे म्हणतेस, दोन्ही सापडतील.